घरांतला आवाज आणि बंद पडलेला टेप

सन १८८७ मध्यें दोन गोष्टी घडल्या. एकीचा दुसरीशीं कांहींएक संबंध नव्हता. बागलाणांत मामलेदारी केलेले यशवंतराव महादेव भोसेकर, ज्यांना लोक देवमामलेदार म्हणून ओळखतात, ते त्या वर्षीं नाशिक मुक्कामीं निवर्तले. आणि त्याच वर्षीं तिकडे अमेरिकेंत एमिल बर्लिनर नांवाच्या गृहस्थास ग्रामोफोन यंत्राचें पेटंट मिळालें. दुष्काळांत सरकारी खजिन्यांतील पैसा उपाशी रयतेस वांटणारा अधिकारी, अशी यशवंतराव महाराजांची कीर्ति आहे. आरम नदीच्या कांठीं वसलेल्या सटाणा गांवीं त्यांचें मंदिर आहे. दरवर्षीं त्यांची मोठी यात्रा भरते. त्यांची तसबीर कित्येक घरांत भिंतीवर आहे. त्यांचें रूप ठाऊक आहे, करणी ठाऊक आहे. परंतु कचेरींत बसून ते रयतेशीं कोणत्या सुरांत बोलत, हें सांगणारा आज कोणी नाहीं.

मनुष्य मागें ज्या खुणा ठेवून जातो, त्या सर्वांत आवाज ही अत्यंत नाशवंत खूण होय. अक्षर कागदावर राहतें, रूप चित्रांत राहतें, हातानें घडविलेली वस्तु दोन दोन पिढ्या वापरांत राहते. आवाज मात्र ओठांबाहेर पडला कीं संपला. सन १८७७ मध्यें एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला, तेव्हां या नियमास पहिला अपवाद घडला. हिंदुस्थानांत तबकड्यांसाठीं गाणें मुद्रित होण्यास सन १९०२ उजाडावें लागलें. त्या सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान आदि कलावतींचीं गाणीं मुद्रित केलीं. ज्यांच्या गळ्यानें मराठी रंगभूमीस वेड लावलें होतें, ते भाऊराव कोल्हटकर सन १९०१ मध्येंच वारले होते. अवघ्या एका वर्षाची ही चुकामूक! भाऊरावांच्या गाण्याचीं वर्णनें मिळतात, गाणें मिळत नाहीं. उलट बालगंधर्वांचें गाणें तबकड्यांवर राहिलें, आणि ज्यांनीं त्यांस कधीं पाहिलें नाहीं त्यांनाही तें आज ऐकावयास मिळतें.

तथापि तबकडीची सोय सर्वांसाठीं नव्हती. तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें गाणें मावे. मुद्रणाचें यंत्र कंपनीचें, कारखाना कंपनीचा, आणि कोणाचा आवाज मुद्रित करावयाचा हा निर्णयही कंपनीचाच. सन १९२७ मध्यें मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां आवाज दूरवर पोहोंचूं लागला खरा; पण तोही निवडलेल्या वक्त्यांचा व गवयांचा. सटाण्यासारख्या गांवास या दोन्ही यंत्रांनीं कान दिले, जीभ दिली नाहीं. गांवानें ऐकावें, पण गांवाचें कोणी ऐकूं नये, अशी ती व्यवस्था होती. आखाजीच्या दिवसांत झोक्यावर बसून मुलींनीं म्हटलेलीं अहिराणी गाणीं, कानबाईच्या रात्रीं जागविलेलीं गाणीं, मुल्हेरास उद्धव महाराजांच्या स्थानीं कोजागरीस होणाऱ्या रासक्रीडेचीं पदें, हें सर्व धन एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जात होतें. आणि गळा संपला कीं त्यांतील कांहीं अंश त्याच्याबरोबर जात होता.

ही स्थिति बदलली ती लोहचुंबकाच्या एका साध्या गुणामुळें. डेन्मार्कचा व्हाल्डेमार पोल्सेन यानें सन १८९८ मध्यें पोलादी तारेवर चुंबकाच्या साह्यानें आवाज उमटविला. सन १९२८ मध्यें जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमर यानें तारेऐवजीं कागदाच्या फितीवर लोखंडी भुकटीचा लेप देण्याची युक्ति काढली, व सन १९३५ मध्यें अशा फितीवर चालणारें मॅग्नेटोफोन नांवाचें यंत्र बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. परंतु फितीचीं तीं मोठीं रिळें हाताळण्यास जाणता मनुष्य लागे. हॉलंडच्या फिलिप्स कंपनींतील लू ओटेन्स या इंजिनियरानें मनाशीं असें धरलें कीं, यंत्र कोटाच्या खिशांत मावलें पाहिजे. त्यासाठीं त्यानें त्या मापाचा एक लांकडी ठोकळाच खिशांत घालून पाहिला, असें सांगतात. सन १९६३ मध्यें बर्लिनच्या प्रदर्शनांत त्याच्या मंडळीनें तयार केलेली छोटी कॅसेट लोकांपुढें आली. पुढें फिलिप्सनें ती बनविण्याची मुभा इतर कारखान्यांसही विनामूल्य दिली; त्यामुळें एका देशांत भरलेली कॅसेट दुसऱ्या देशाच्या यंत्रांत बिनबोभाट चालूं लागली.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हें यंत्र आलें तें मुख्यतः १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व त्यापुढील दशकांत. अरबी आखातांत नोकरीस गेलेल्या मंडळींनीं येतांना तें आणलें; पुढें देशांतही तें मुबलक होऊं लागलें. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज गांवोगांवच्या चहाच्या दुकानांतून व मांडवांतून ऐकूं येऊं लागला, तो याच कॅसेटींवरून. नाशिक जिल्ह्याच्याच सिन्नर तालुक्यांत, देशवंडी गांवीं सन १९२२ मध्यें जन्मलेल्या वामनदादा कर्डक यांचीं गीतें पूर्वीं सभांतून व जलशांतून फिरत. त्यांस आतां नवें वाहन मिळालें.

पण विकत मिळणाऱ्या कॅसेटींहूनही मोठी क्रांति त्या यंत्राच्या एका लाल खुणेच्या कळींत होती. ती कळ व तिच्या शेजारची कळ अशा दोन्ही एकदम दाबल्या कीं समोरचा आवाज फितीवर उमटे. त्यासाठीं कंपनीची परवानगी नको, केंद्राचें बोलावणें नको. मग लोकांनीं काय भरलें? आजीच्या ओव्या भरल्या. भजनी मंडळाचा हरिपाठ भरला. लग्नांतले उखाणे, नातवाचे बोबडे बोल, शाळेंतलें मुलाचें भाषण, असें सर्व कांहीं भरलें. आखातांत गेलेल्या मुलास पत्राऐवजीं कॅसेट पाठविणारीं घरें होतीं. कारण आईला लिहितां येत नसे, पण बोलतां उत्तम येत असे. गांवाला जीभ मिळाली ती या दोन कळींमुळें. म्हणूनच घरोघरच्या जुन्या कॅसेटींत जे आवाज आहेत, ते बहुधा जगांत दुसरीकडे कोठेंही नाहींत. छापील पुस्तकाची एक प्रत गेली तर दुसरी मिळते. या फितींची दुसरी प्रत बहुशः नसतेच.

आणि नेमकें येथेंच यंत्र बंद पडतें. ज्यास डेक म्हणतात, म्हणजे ज्यास स्वतःचा कर्णा नसून जो वेगळ्या ॲम्प्लिफायरला जोडावा लागतो, तो एके काळीं बैठकीच्या खोलींत भरतकामाच्या रुमालाखालीं मानानें ठेवलेला असे. वीस वर्षें न वापरतां पडून राहिलेला असा डेक एके दिवशीं कोणी आठवणीनें चालूं करावा, दिवा लागावा, पण चाकें फिरूं नयेत, किंवा फिरलीं तरी आवाज पाण्याखालून आल्यासारखा यावा, हा अनुभव अनेक घरांचा आहे. अशा वेळीं यंत्र भंगारांत व कॅसेटी कचऱ्यांत, असा निकाल घाईनें लावला जातो. तो अन्यायाचा आहे. कारण डेकाचीं बहुतेक दुखणीं साधीं असतात, व घरींच उपाय करण्याजोगीं असतात.

त्यासाठीं यंत्राची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. कॅसेटींतील फीत पावणेचार मिलिमीटरांहून किंचित् अधिक रुंद असते व ती दर सेकंदास सुमारें पावणेपांच सेंटिमीटर या वेगानें हेडासमोरून सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटींत अशी सुमारें ८६ मीटर फीत गुंडाळलेली असते. फीत ओढण्याचें काम एक बारीक पोलादी दांडी व तिच्यावर दाबून बसणारें रबरी चाक हीं दोघें मिळून करतात. दांडीच्या टोकास एक जड चाक असतें. तें जड असल्यामुळें वेग एकसारखा राहतो. मोटर त्या जड चाकास रबरी बेल्टानें फिरविते. ज्यानें चरखा पाहिला आहे त्यास हें समजण्यास अडचण नाहीं. मोठ्या चक्राची गति दोरीनें चातीस पोहोंचते, तसाच हा प्रकार, फक्त येथें लहान चाक मोठ्यास फिरवितें एवढाच भेद.

पहिलें दुखणें बेल्टाचें. रबर काळानें सैल पडतें, आणि कांहीं जातींचे बेल्ट तर अक्षरशः डांबरासारखे वितळून चाकांस चिकटून बसतात. दुसरें दुखणें रबरी चाकाचें. आणि त्याचें एक कारण भारनियमनाच्या गांवांस विशेष परिचयाचें आहे. गाणें चालूं असतां वीज जाते. जुन्या यंत्रांत कळ दाबलेलीच राहते. रबरी चाक दांडीवर तासन्‌तास तसेंच दाबून राहतें व त्यास खळगा पडतो. मग दर फेऱ्यास आवाज हेलकावतो. वीज गेली कीं आधीं टेपाची कळ उचलावी, ही शिस्त पाळणाऱ्या घरांतले टेप म्हणूनच अधिक टिकले. तिसरें दुखणें हेडावर बसलेल्या तपकिरी मळाचें. हा मळ म्हणजे फितीवरील लोखंडी लेपाचीच भुकटी. तिचा पातळसा थर जरी साचला तरी फीत हेडापासून दूर राहते व आवाज कोंदट होतो.

उपायाचा क्रम असा. प्रथम यंत्राची वीज नुसत्या कळीनें नव्हे, तर प्लग काढून तोडावी, व कांहीं वेळ जाऊं द्यावा. आंतील कांहीं भागांत वीज थोडा काळ साठून राहते. झांकण काढतांना स्क्रू ज्या क्रमानें निघाले त्या क्रमानें कागदावर मांडून ठेवावे. शिवणकाम उसवणारी बाई टांके लक्षांत ठेवते तसें. वितळलेला बेल्ट कापूस व स्पिरिट यांनीं पुसून काढावा; हें काम चिकाटीचें आहे, आणि चाकाच्या खांचेंत त्याचा कण राहिला तर नवा बेल्टही घसरतो. जुन्या बेल्टाचें माप मिळत नसेल तर चाकांभोंवतीं दोरा फिरवून लांबी घ्यावी व नवा बेल्ट त्याहून शेंकडा पांच इतका आंखूड घ्यावा, म्हणजे तो ताणून बसतो. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग मिळण्याची जुनी ख्याति आहे; जवळच्या शहरांतल्या जुन्या कारागिराच्या डब्यांतही निकामी यंत्रांतून काढलेले कित्येक भाग सांपडतात. हेड व दांडी स्पिरिटानें पुसावीं. रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्यानें पुसणें बरें, कारण स्पिरिटानें रबर कोरडें पडून चिरतें. तेल द्यावयाचें तर दांडीच्या बुडाशीं एक थेंब. दुसरा थेंब बेल्टावर गेला तर केलेलें सर्व काम वायां जातें.

एवढें झाल्यावर घाईनें आजीची कॅसेट घालूं नये. दुरुस्त केलेल्या यंत्राची पहिली परीक्षा टाकाऊ कॅसेटीवर घ्यावी. यंत्र फीत खातें कीं काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. फीत खाल्ली तर टाकाऊ गाण्याचें जाईल. अनमोल आवाजाचें जाणार नाहीं. त्याचप्रमाणें मोलाच्या कॅसेटीच्या पाठीवरचे दोन लहान पापुद्रे तोडलेले आहेत ना, हें पाहावें. ते तुटलेले असले म्हणजे लाल कळ दबत नाहीं, व चुकूनही जुन्या आवाजावर नवा आवाज भरला जात नाहीं. ज्या कळीनें आवाज जतन केला तीच कळ तो पुसूंही शकते, याचें भान सुटतां कामा नये.

यानंतर येतो वेगाचा प्रश्न, आणि या सर्व उद्योगांतला नाजूक भाग हाच आहे. मोटरीच्या पाठीमागें एक बारीक भोंक असतें; त्यांत लहान स्क्रूड्रायव्हर घालून वेग कमीजास्त करतां येतो. वेग थोडा वाढला तर पुरुषाचा आवाज पोरसवदा होतो. थोडा उतरला तर तरुण बाईचा आवाज म्हातारीचा वाटतो. जें माणूस आतां नाहीं, त्याचा खरा आवाज कोणता, हें मग कशावरून ठरवावें? त्यासाठीं आधीं एखादी बाजारांतली चांगली कॅसेट लावावी, तेंच गाणें दुसऱ्या खात्रीच्या साधनावर लावावें, व दोन्ही सूर जुळेपर्यंत वेग बसवावा. एवढ्यानेंही घरगुती कॅसेट जुळत नसेल, तर ज्या यंत्रावर ती भरली त्याचाच वेग चुकीचा असला पाहिजे. भजनाची कॅसेट असेल आणि त्यांत वाजलेली पेटी देवळांत अजून असेल, तर ती काढून तिची पट्टी दाबून पाहावी. पेटीचा सूर जुळला म्हणजे गाणाराचा सूरही जागेवर येतो. असेंच हेडाच्या तिरकसपणाचें आहे. दुसऱ्या यंत्रावर भरलेली फीत कोंदट वाजत असेल, तर हेडाशेजारचा स्प्रिंगचा स्क्रू अगदीं किंचित् फिरवावा व आवाज उजळ होईल तेथें थांबावें. पण फिरविण्यापूर्वीं त्याची मूळची जागा खूण करून ठेवावी.

फितीची स्वतःचीही कांहीं दुखणीं आहेत. पावसाळ्याच्या ओलीनें तिच्यावर पांढरी बुरशी चढते; अशी कॅसेट तशीच वाजविली तर बुरशी हेडावर जाते व तेथून चांगल्या फितींसही लागते. फितीमागें दाब देणारा नमद्याचा तुकडा गळून पडला असेल तर टाकाऊ कॅसेटींतला काढून तेथें बसवितां येतो. एकशेंवीस मिनिटांच्या कॅसेटींतली फीत इतर कॅसेटींहून फारच पातळ असते व ती गुंतण्याचें भय अधिक. बरींच वर्षें न वाजलेली कोणतीही कॅसेट प्रथम पेन्सिल घालून हळूहळू फिरवून मोकळी करावी, हा जुना घरगुती उपाय आजही तितकाच चांगला आहे.

मोठ्या संस्थांनीं हें काम कां करूं नये, असें कोणी विचारील. कांहीं संस्थांनीं तें केलेंच आहे. संगीत व लोकगीतें यांचीं ध्वनिमुद्रणें जतन करण्यासाठीं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेनें सन १९८२ मध्यें पुण्यास एक केंद्र काढलें. तें पुढें दिल्लीकडे गेलें. हेमा रायरकर व गी पॉइत्व्हॅं यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा प्रचंड उद्योग केला, आणि त्या संग्रहांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. हीं कामें थोर आहेत. परंतु कोणतीही संस्था प्रत्येक घराचें कपाट उघडूं शकत नाहीं. बागलाणांतल्या एका वाड्यावर एका रात्रीं एका आजीनें म्हटलेलें गाणें जर वांचावयाचें असेल, तर तें त्या घरानेंच वांचविलें पाहिजे. गांवाला जीभ मिळाली ती घरांत. ती राखण्याचें कामही घराकडेच येतें.

हें करतांना दुरुस्तीचा हेतु मात्र विसरूं नये. जुना डेक पुन्हां रोज वाजावा, यासाठीं हा खटाटोप नाहीं. त्याचे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहेत. सोनी कंपनीनें आपला कॅसेटीचा वॉकमन जपानांत सन २०१० मध्येंच थांबविला. कॅसेट ज्यानें जगास दिली तो लू ओटेन्स सन २०२१ मध्यें वारला. दुरुस्त झालेल्या यंत्राकडून प्रत्येक मोलाची फीत एकदां, पण नीट, वाजवून घ्यावी, आणि त्याच वेळीं तारेनें जोडून तिची नक्कल संगणकावर उतरवून घ्यावी. एक नक्कल घरांत व एक दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या नातलगाकडे ठेवावी. मूळ कॅसेट तरीही टाकूं नये. कोरड्या जागीं, कर्ण्याच्या लोहचुंबकापासून दूर, उभी ठेवावी. आज न निघालेला आवाज उद्यां अधिक चांगल्या यंत्रानें निघूं शकेल.

आणि शेवटीं एक काम राहतें, ज्यास स्क्रूड्रायव्हर लागत नाहीं. कॅसेटीवर बहुधा कांहींच लिहिलेलें नसतें, किंवा नुसतें 'भजन' एवढेंच लिहिलेलें असतें. ती वाजूं लागली म्हणजे घरांतल्या वडील मंडळींस जवळ बसवावें. पहिला आवाज कोणाचा, मागें टाळ कोण धरतो, मध्येंच हंसलें तें कोण, 'अरे, दार लावा' असें म्हणाली ती कोणाची आई, हें त्यांस विचारून लिहून घ्यावें. बेल्ट मिळतो, हेड पुसतां येतें, वेग जुळवितां येतो. पण आवाज ओळखणारा शेवटचा मनुष्य गेला, तर निर्दोष वाजणाऱ्या फितींतही एक अनोळखी बाई गातांना ऐकूं येईल. देवमामलेदारांचा आवाज राहिला नाहीं, कारण तेव्हां येथें यंत्र नव्हतें. आजीचा आवाज कपाटांत आहे. म्हणून डेक उघडण्यास एखादा रविवार ठरवावा, आणि त्या दिवशीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाची खुर्ची आधींच शेजारीं मांडून ठेवावी.